चौथ्या दिवशी थांबलेली मोजणी

मी पिंजरा बोलतोय. पोपटाचा नव्हे, तेवढं कुठलं माझं भाग्य! वीतभर लाकडी चौकट, दोन बाजूंना जाळी, डोक्यावर साखरपाण्याची नळी आणि पोटात वीस मधमाश्या. प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटात मी राहतो.

एका सुताराने मला घडवलं. "एवढ्याशा खुराड्यात कोंबडी मावणार कशी?" म्हणून त्याची बायको खूप हसली होती.

इथे आल्यापासून माझ्यात नाना कीटकनाशकं तपासली गेली. ती झटपट मारायची. संध्याकाळपर्यंत माश्या तळाला. चार दिवस मेलेल्या मोजायच्या, मग मला साबणात बुडवायचं, हा इथला शिरस्ता.

या वेळचं औषध वेगळं होतं. जिवंत बुरशी! किडीच्या अंगावर बसते, हळूहळू आत शिरते. मोजणी मात्र तीच, चार दिवसांची. अरे, जे सावकाश मारतं त्याची परीक्षा घाईने कशाला घेता? पण आमचं ऐकतंय कोण!

माश्या मधपेट्या पाळणाऱ्या काकांच्या होत्या. त्यांना आपल्या साठ पेट्या फुललेल्या बागेत न्यायच्या होत्या आणि बागवाला हीच बुरशी फवारणार होता. चौथ्या दिवशी काकांनी फोन केला. संशोधक बाई म्हणाल्या, "एकही मेली नाही काका. खुशाल न्या."

मग दोन दिवस सुट्टी. गडबडीत बाई मला कपाटातच विसरल्या. पाचव्या दिवशी माश्या सुस्तावल्या. साखरपाण्याकडे फिरकेनात. जाळीला धरून बसल्या होत्या त्या एकेक करून खाली पडल्या. मी नुसता बघत राहिलो. बोंब मारायला तोंड नको?

सुट्टीनंतर सामान धुणाऱ्या मावशींनी कपाट उघडलं. "अगं बाई! ह्या तर सगळ्या गेल्या की!"

"चाचणी संपली मावशी, धुऊन टाका," बाई मान वर न करता म्हणाल्या. असा संताप आला मला!

"पण शेजारच्या पिंजऱ्यातल्या जिवंत आहेत. त्यांना बुरशी न देता नुसतं साखरपाणी होतं ना?"

बाई उठल्या. आधी शेजारचा पिंजरा पाहिला, मग मला. तळाशी दोन माश्यांच्या अंगावर बुरशीची पांढरी लव उगवली होती. बाईंनी तिथूनच फोन लावला. "काका, पेट्या नेऊ नका."

"नेल्या की! काल फवारणीही झाली. माश्या झकास कामाला लागल्यात. का हो?"

 मला ठाऊक होतं, चौथ्या दिवसापर्यंत त्या झकासच दिसणार.

आता मी बाईंच्या टेबलावर आहे, न धुतलेला. बाई वहीत पाचवा, सहावा, सातवा दिवस लिहीत बसल्यात. माझं एवढंच मागणं आहे. पुन्हा माझ्यात माश्या ठेवाल तेव्हा चौथ्या दिवशी उठून जाऊ नका. त्या पडताना मी पाहतो, पण मला मोजता येत नाही हो. ते तुमचं काम आहे.