गोगलगाईसाठी एक शब्द

भाऊसाहेबांनी त्रेचाळिसावी चिठ्ठी वाचली, टेबलावर पालथी घातली, आणि ऑफिसात आपल्याशिवाय कोणी नाही याची खात्री करून पुन्हा उलटवली. अक्षर तिसरीच्या वर्गातलं असावं. ओळी चढणीला लागल्यासारख्या उजवीकडे वर गेलेल्या, एके ठिकाणी खोडरबर इतकं घासलेलं की कागदाला भोक पडायचंच बाकी. पण पुस्तकाचं नाव मात्र काना-मात्रेची एकही चूक न करता लिहिलं होतं: 'गोगलगाईची बदली'.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. नाव तेच होतं.

शाळा दरवर्षी 'आमची शिफारस' नावाची एक पातळशी पुस्तिका काढत असे. पहिली ते चौथीच्या मुलांनी, आणि मोठ्या बाईंपासून माळ्यापर्यंत शाळेतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी आपल्याला आवडलेलं एकेक पुस्तक त्यात सुचवायचं. चिठ्ठीवर चार रकाने असत. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, शिफारशीचं कारण आणि शिफारस करणाऱ्याचं नाव. ग्रंथपालबाई चिठ्ठ्या गोळा करून ऑफिसात आणून देत आणि शाळेचे एकुलते एक कारकून भाऊसाहेब त्या टाईप करत. 'हे पुस्तक छान आहे कारण ते छान आहे' असलं कारणही ते चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता जसंच्या तसं टाईप करत. मुलांच्या वाक्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा स्वतःशी केलेला नियम होता.

पण आज त्यांची बोटं कीबोर्डवर नुसतीच टेकून राहिली. कारण 'गोगलगाईची बदली' हे पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं.

ही गोष्ट त्यांच्या बायकोखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. बावीस वर्षांपूर्वी, टोपणनावाने, चित्रांसकट अठ्ठेचाळीस पानं. बागेतल्या टपालकचेरीत काम करणाऱ्या एका गोगलगाईला पलीकडच्या भिंतीवर बदलीचा हुकूम येतो आणि ती निघते, एवढीच गोष्ट. पुढे पुस्तकांच्या एका खोक्यातून त्याच्या दोन प्रती याच शाळेत आल्या, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी नाव मोठ्याने वाचून दाखवलं होतं. "बदली! अहो भाऊसाहेब, हे तर तुमच्याच कामाचं पुस्तक आलं!" सगळे पोट धरून हसले. भाऊसाहेबही हसले. त्या हसण्यात सामील झाल्यावर 'ते मीच लिहिलंय' असं म्हणायची सोय उरली नाही. मग त्यांनी मूग गिळले ते कायमचेच. येता-जाता ग्रंथालयाच्या दारातून खालच्या कप्प्यातल्या त्या दोन हिरव्या कडांकडे मात्र ते एक नजर टाकत. एखादी तरी प्रत जागेवर नसावी, कोणाच्या तरी दप्तरात गेलेली असावी, एवढंच त्यांना हवं होतं. दोन्ही नेहमी जागेवर असत.

आणि आज ही चिठ्ठी. भाऊसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते उठले, व्हरांड्यात जाऊन माठातलं पाणी प्यायले, तहान नव्हती तरी अजून अर्धा पेला प्यायले, आणि परत येऊन त्यांनी चिठ्ठीचा तिसरा रकाना वाचायला घेतला. तो त्यांनी मुद्दाम मागे ठेवला होता. मुलं ताटातला आवडीचा पदार्थ शेवटी ठेवतात, तसा.

तिथे लिहिलं होतं: 'या पुस्तकाला शिफारशीची फार गरज आहे. तरी कृपया विचार व्हावा.'

हे कौतुक होतं की काय होतं, ते त्यांना कळेना. 'तरी कृपया विचार व्हावा' हे शब्द त्यांच्या टेबलावर रोज येत. दाखल्यासाठी, रजेसाठी, उशिरा आल्याबद्दल माफीसाठी. पुस्तकासाठी ते पहिल्यांदाच आले होते. त्यांनी वाक्य दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं आणि शेवटी, कौतुकच असणार, असं स्वतःला सांगून टाकलं.

तेवढ्यात ग्रंथपालबाई आत आल्या. त्यांच्या हातात कागदांची एक चळत होती आणि कपाळावर आठ्या.

"त्रेचाळीस नंबर टाईप झाला का हो, भाऊसाहेब?"

"नाही अजून."

"बरं झालं. गाळून टाका तो." त्यांनी खुर्ची ओढली. "ते पुस्तक रद्दच्या यादीत घातलंय मी. पाच वर्षं एकही शिक्का पडला नाही की काढायचं, हा नियम आहे. या पुस्तकावर तर आल्यापासून एकही पडलेला नाही. आता पुस्तिकेत त्याचं नाव छापायचं आणि आठवड्याने तेच पुस्तक कपाटातून काढायचं, हे बरं दिसतं का?"

"पण एका मुलीने सुचवलंय ना?"

"तेच तर! शिक्का नाही, म्हणजे घरी नेलेलं नाही. न वाचताच ठोकून दिलंय बाईसाहेबांनी. कोण आहे ठाऊक आहे ना? तिसरीतली वकीलबाई."

वकीलबाई हे नाव त्या मुलीला तिच्या वर्गशिक्षिकेने ठेवलं होतं आणि ते कोणालाही समजावून सांगावं लागत नसे. आठ वर्षांची ती पोर 'का' विचारल्याशिवाय फळ्यावरची तारीखसुद्धा उतरवून घ्यायची नाही.

भाऊसाहेबांनी चिठ्ठी पुन्हा पालथी घातली. न वाचताच? चिठ्ठी गाळावी, यादी पुढे जावी, आणि या विषयाला एकदाची मूठमाती मिळावी, हेच सोपं होतं. पण तोंडून भलतंच निघून गेलं.

"तिला विचारून तरी बघू या. मुलांच्या चिठ्ठ्या अशा परस्पर गाळणं बरोबर नाही."

ग्रंथपालबाईंनी त्यांच्याकडे जरा चमकून पाहिलं. भाऊसाहेब कधी कशावर अडून बसल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पाच मिनिटांनी मुलगी आली. एक वेणी सुटलेली, एक जागेवर. ग्रंथपालबाईंनी चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

"हे तूच लिहिलंस?"

"हो."

"पुस्तक वाचलंस का?"

"तीनदा."

"खोटं बोलू नकोस. घरी कधी नेलंस?"

"घरी नाही नेलं. तुमच्याच तासाला वाचलं, खाली बसून, तिन्ही वेळा." मुलगी म्हणाली. "ज्याची शिफारस करायची त्याची आधी नीट चौकशी करायची असते. आजोबा म्हणाले."

"आजोबांनी आणखी काय सांगितलं?" भाऊसाहेबांनी विचारलं. आवाज साधा ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडले.

"मी त्यांना शिफारस म्हणजे काय ते विचारलं. ते म्हणाले, ज्याचं काम कुठेच होत नाही ना, त्याच्यासाठी ओळखीच्या मोठ्या माणसाकडे आपण शब्द टाकायचा. माझ्या काकाला दोन वर्षं कोणी घेतच नव्हतं. मग आत्याच्या मिस्टरांनी शिफारस केली."

"मग आता काका चांगलं काम करतो?" ग्रंथपालबाईंनी हसू दाबत विचारलं.

"नाही. पण घेतलं ना त्याला."

ग्रंथपालबाईंनी तोंडाला पदर लावला. मुलगी गंभीरच होती. तिने सगळं समजावून सांगितलं. वर्गातल्या सगळ्यांनी चांगली चांगली पुस्तकं लिहिली होती, पण ती तर आपोआपच जातात, त्यांच्यासाठी रांग असते. त्यांना कशाला हवी शिफारस? म्हणून तिने सगळ्या कप्प्यांतली पुस्तकं मागून उघडून पाहिली आणि एकही शिक्का नसलेलं शोधून काढलं. असं एवढं एकच निघालं.

भाऊसाहेब टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. म्हणजे ही निवड नव्हतीच. सगळ्यांत मागे कोण उभं आहे ते पाहून पोरीने त्याचा हात वर केला होता. बावीस वर्षांत, बायको सोडली तर, पहिला वाचक मिळाला, तोही दया येऊन. त्यांना वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं वाईट वाटलं. आणि इतकं झाल्यावरही एक प्रश्न विचारल्यावाचून त्यांना राहवेना.

"पण कसं आहे? पुस्तक?"

मुलीने विचार केला. खोटं बोलायचं नाही आणि पक्षकाराचं नुकसानही करायचं नाही, अशा बेताने तिने सुरुवात केली.

"आधी जरा हळू आहे. पण गोगलगायच आहे, म्हणून चालतं. मधलं खूप छान आहे. ती अर्ध्या वाटेवर पोचते आणि बदली रद्द झाल्याचं पत्र येतं, तिथे मी तीनदा थांबले."

"का?"

"ती परत फिरेल असं वाटतं. ती पत्र वाचते, घडी घालते, आणि पुढेच जाते." मुलीने बोटाने टेबलावर एक संथ रेघ ओढली. "ते मला फार आवडलं. पण ती भिंतीवर पोचते, त्यानंतरचं पान त्यांनी लिहिलेलं नाही."

"कोणी?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"पुस्तक लिहिणाऱ्यांनी. शेवटचं पान दुसऱ्याच कोणीतरी लिहिलंय."

भाऊसाहेबांचा अंगठा थांबला.

"असं कशावरून म्हणतेस?" ते म्हणाले.

"त्या पानावर आहे ना, 'तर बाळांनो, यावरून आपण काय शिकलो? नेहमी वेळेवर निघावे.' अख्ख्या पुस्तकात कोणी कोणाला बाळांनो म्हणत नाही. आणि ती वेळेवरच निघाली होती! पहिल्याच पानावर निघाली. ज्यांनी तिला एवढं जपून जपून भिंतीपर्यंत नेलं, ते शेवटी तिलाच कसे ओरडतील?"

बोधाशिवाय मुलांचं पुस्तक छापता येत नाही, असं प्रकाशक म्हणाला होता. ते पान त्याने आपल्या हाताने लिहून जोडलं, आणि भाऊसाहेबांनी, तेव्हाच्या तरण्या भाऊसाहेबांनी, बरं म्हणून मान हलवली. बायकोने पुस्तक दोनदा वाचलं होतं. तिलाही ते कधी खटकलं नव्हतं.

"त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नसेल," मुलगी म्हणाली. "कोणीतरी सांगायला हवं."

"ठाऊक आहे त्यांना," भाऊसाहेब म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी पदर खाली घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. मुलगी पण बघतच होती.

"म्हणजे तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखतो."

"चांगली ओळख आहे?"

"चांगली म्हणजे," भाऊसाहेब अडखळले, "तशी घरातलीच आहे."

मुलीचे डोळे मोठे झाले. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. इतका वेळ समजुतीने बोलणारी ती पोर आता खरोखर रागावली.

"घरातली ओळख असून तुम्ही त्यांच्यासाठी शब्द नाही टाकलात? इतकी वर्षं?"

लाज वाटत होती, लोक हसले होते, आपल्याच माणसाचं नाव आपण कसं पुढे करायचं, अशी सगळी कारणं भाऊसाहेबांजवळ तयार होती. एकही त्यांना तिच्यापुढे ठेवावंसं वाटेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग तिचा राग ओसरला.

"असू दे. त्यांना सांगा, मी टाकलाय शब्द." आणि डबा खायचा राहिलाय म्हणत ती पळाली.

ग्रंथपालबाईंनी चळतीतून रद्दची यादी काढली, भाऊसाहेबांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि मधली एक ओळ सरळ रेघ मारून खोडली. पुस्तकाचा नुसता कोपरा दुमडला तरी मुलांना तासभर सुनावणाऱ्या बाई त्या. पेनाचं टोपण लावत त्यांनी अगदी हळू, खिडकीकडे बघत विचारलं, "तुमच्याकडे एखादं धारदार ब्लेड आहे का हो? दोन्ही प्रतींचं शेवटचं पान काढावं म्हणते."

"आहे," म्हणून भाऊसाहेबांनी ड्रॉवर उघडला. ब्लेडचं पाकीट समोरच पडलेलं होतं, पण डोळे असे भरून आले होते की त्यांना ते काही केल्या दिसेना.