रवळूचं तोंड

रानातलं जनावर मारायला गेलेले आमच्या गावचे पुरुष परत आले, तेव्हा त्या सगळ्यांना एकच तोंड होतं.

तोंड वाईट नव्हतं. रुंद कपाळ, बेताची मिशी, गुळगुळीत गाल. असं तोंड पूर्वी गावात कुणाचंच नव्हतं. ते पाराजवळ ढोल खाली ठेवून उभे राहिले आणि एकदमच हसले. ओढ्यावर आंघोळ करताना त्यांचे सदरे एकमेकांत मिसळले होते, त्यामुळे कपड्यांवरूनही कुणाला ओळखता येईना.

"जनावर मेलं का?" कुणीतरी विचारलं.

"काम झालं," सगळे म्हणाले.

त्या जनावराने कधी कुणाचं शेरडूही नेलं नव्हतं. करवंदं काढायला गेलेल्या बायकांना ते लांबून दिसायचं. एक म्हणायची त्याला खूर आहेत, दुसरी म्हणायची पंजे आहेत. यावरून शेजारची गावं आम्हाला हसायला लागली. सरपंच जोती अण्णांना ते सहन झालं नाही. त्यांनी हाका घालायचं, ढोल बडवत जनावराला उठवून मारायचं ठरवलं आणि जो येणार नाही त्याच्या उंबऱ्यावर बांगड्या ठेवू म्हणाले. मी माझ्या नवऱ्याला, रवळूला, जाऊ नका म्हटलं होतं. तो जाणारही नव्हता. बांगड्यांचं ऐकलं आणि गेला.

रवळू लहान असताना गुऱ्हाळावर उकळती काकवी त्याच्या तोंडावर उडाली होती. डावा गाल करपून आक्रसला होता. ओठाचा कोपरा वर ओढलेला, त्यामुळे तो चिडला तरी हसल्यासारखा दिसायचा. लग्न ठरलं तेव्हा मी खूप रडले होते. पण पुढे त्या तोंडावरचं सगळं मला कळायला लागलं. तो खरंच हसला की डाव्या डोळ्याखालची कातडी थरथरायची. गावात हे फक्त मला माहीत होतं.

पारावर एकजण पुढे आला. तो जोती अण्णाच असावा, कारण तो हुकूम देत होता. "घरटी एकेक घेऊन जावा. माणसं पुरी हाईत."

"यातला माझा कोणता?" मी विचारलं.

"कोणताबी घे की तुळसा. सगळे सारखेच हाईत."

"रवळू सारखा नव्हता."

"मग तुझं तर बरंच झालं."

पुरुष हसले. बायकाही हसल्या. मी जागची हलले नाही. शेवटी आत्तीने, माझ्या सासूने, एकाचा दंड धरला. "ह्यो बरा वाटतोय," ती म्हणाली, आणि त्याला घरी घेऊन आली.

त्याने वाढलं ते खाल्लं आणि चांगलं झालंय म्हणाला. त्यात मी मीठ घातलंच नव्हतं.

"तुमच्यावर काकवी कुठं उडाली होती?" मी विचारलं.

"तू म्हणशील तिथं."

मी समोरची परात भिंतीवर भिरकावली. त्याने ती उचलली, पुसली आणि होती तिथे ठेवली. रागाचा एक शब्द बोलला नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

"आत्ती, हा तुमचा लेक न्हवं," मी म्हटलं.

"त्या गालाकडं बघताना मला माझीच चूक दिसायची," ती म्हणाली. "काकवीपाशी मीच त्याला सोडलं हुतं. आता बघवतंय तरी. राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे बसली होती. मी हाक मारली, तिने मान वर केली. तिलाही तेच तोंड होतं. मिशी नव्हती. नाकातली मोरणी मात्र तिचीच होती.

त्यानंतर जो जो राहू दे म्हणाला, त्याला त्याला ते तोंड आलं. देवळाचा गुरव, दूध गोळा करणारा, घरोघरच्या म्हाताऱ्या. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतही, मुंडावळ्यांच्या मागे, तेच तोंड आलं. मी फोटो उतरवून चुलीत घातला. तोंड सोडून बाकीचं जळालं.

शेजारची अनसा तेवढी माझ्यासारखी चिडलेली होती. आम्ही दोघींनी कोयते घेऊन, आपल्या माणसांची खरी तोंडं शोधायला रानात जायचं ठरवलं होतं. मी विहिरीवर तिची वाट बघत बसले. ती आली ती रिकामी घागर घेऊन.

"कोयता कुठाय?" मी विचारलं.

अनसा माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ दे गं, तुळसा. आता मारत तरी न्हाई मला."

बोलता बोलता तिची हनुवटी मळलेल्या पिठासारखी मऊ झाली. मग गाल, मग कपाळ. मी ते होताना पाहिलं. मी तिला दोष दिला नाही. तिच्या नवऱ्याचे वळ मीच कितीदा शेकले होते. पण डोकं असं तापलं की तिची घागर विहिरीत टाकून मी घरी आले.

दारात घरातला माणूस उभा होता. "दमलीस," तो म्हणाला. "बस जरा. पाणी देतो."

रवळूने असं कधी म्हटलं नव्हतं. मी बसले. त्याने पाणी दिलं. मला बरं वाटलं. सहज हनुवटीवर हात गेला, तर लहानपणी पडून झालेली खोक हाताला लागेना.

मी तांब्या खाली ठेवला. ज्यांच्या ज्यांच्यावर रागवायचं होतं त्यांना एकेक करून आठवलं. जोती अण्णा, आत्ती, हसलेल्या बायका, आणि सगळ्यांत जास्त रवळू. खोक हळूहळू परत आली. ती हाताखाली दाबून धरली, दुसऱ्या हातात कोयता घेतला आणि रानात गेले.

जनावर झऱ्याजवळ सावलीत पडलं होतं. गवताच्या गंजीएवढं होतं. पुढे खूर होते, मागे पंजे. दोघीही बायका खरंच सांगत होत्या. त्याच्या अंगावरच्या केसांत गावातल्या पुरुषांची तोंडं गोचिडासारखी रुतून बसली होती. ती हळू आवाजात खताविषयी, पावसाविषयी बोलत होती. पाठीवर जोती अण्णांचं तोंड हुकूम देत होतं. कुणी ऐकत नव्हतं. रवळूचं तोंड पोटाजवळ होतं, अर्धं मातीला लागलेलं. मला गुडघ्यावर बसावं लागलं.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"जाऊ नका म्हटलं होतं."

"म्हटलं हुतंस."

"बांगड्या भरल्या असत्या तर हात झडले असते?"

त्याच्या डोळ्याखालची कातडी थरथरली.

"हसू नका," मी म्हटलं. मला रडू येत नव्हतं. मला त्याच्या मुस्काटात द्यायची होती, पण मारलं असतं तर ते जनावराला लागलं असतं.

मी त्याच्या कानामागे कोयता टेकवला.

"कापू नको," तो म्हणाला. "नेऊन लावशील कुठं?"

"घरात आहे त्याचं उतरवते."

"त्याच्या खाली काय न्हाई, तुळसा."

तेवढ्यात झाडी हलली. पुरुष चढणीने वर आले. मागे बायका होत्या, आत्ती होती, अनसा होती. ते झऱ्याभोवती गोल करून उभे राहिले. सगळ्यांच्या गळ्यात ढोल होते. कुणाच्याच तोंडावर राग नव्हता.

"आता कशाला आलाय?" मी विचारलं. "काम झालं म्हणालात ना?"

"थोडं राहिलंय," सगळे म्हणाले.

घरातला माणूस एक पाऊल पुढे आला. "दमलीस. घरी चल."

"सोड," खालून रवळू म्हणाला. तेव्हा मला कळलं की माझी मूठ त्याच्या तोंडाशेजारच्या केसांत घट्ट अडकली आहे. तिथली कातडी एका तोंडापुरती मोकळी होती आणि ऊन होती.

"नाही सोडत," मी म्हटलं.

जनावराने श्वास घेतला. त्याच्या अंगावरची बडबड थांबली, सगळ्या तोंडांनी डोळे उघडले आणि ते उठून उभं राहिलं. माझे पाय जमिनीवरून सुटले. खाली ढोलांवर पहिली थाप पडली.