जिभेखालची गोळी

किल्लीवाल्याच्या औषधाच्या डब्याला कुलूप होतं, आणि ते त्याच्याच दुकानातलं होतं. पितळी, लहानसं, केसांच्या पिनेनं उघडेल असं. व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आठवड्याच्या गोळ्या घरच्या कुणीतरी कुलपात ठेवायच्या आणि रोज एकच हातावर द्यायची. आता लोकांची अडलेली दारं उघडून देण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यापुढे हे कुलूप म्हणजे नुसती शोभा. ते त्याला ठाऊक होतं आणि किल्ली सांभाळणाऱ्या त्याच्या सासूबाईंनाही. "असू द्या," त्या म्हणाल्या होत्या. "कुलूप तुमच्यासाठी नाहीच. माझ्या जिवाला बरं वाटतं."

बायको तिकीट खिडकीवर सकाळच्या पाळीला जायची, म्हणून हे काम आता त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंकडे आलं होतं. सातच्या ठोक्याला त्या डावा पाय ओढत, टेबलाची कड धरत यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि डबा उघडायच्या. गोळी जिभेखाली ठेवायची. ती विरघळायला दहा मिनिटं लागत. तोवर गिळायचं नाही, बोलायचं नाही. तिच्यामुळेच आठ महिने त्याच्या अंगातली ती जुनी हाव गप्प होती. झोप लागत होती, किल्ली कापताना हात थरथरत नव्हता, आणि दर गुरुवारी केंद्रातल्या बैठकीला तो न चुकता जात होता.

तो गप्प बसला की सासूबाई बोलायच्या. चौदा वर्षांत जावयाशी जेवढं बोलल्या नव्हत्या, तेवढं या आठ महिन्यांत बोलून झालं होतं. "असा ऐकणारा मिळायला भाग्य लागतं," त्या म्हणायच्या. "मध्ये तोंड घालत नाही आणि उठूनही जात नाही."

त्या दिवशी मात्र त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. अकरा वाजता त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं, आता उजवाही गेला होता.

"मी नाही म्हणून सांगणार आहे," गोळी त्याच्या जिभेखाली गेल्यावर त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी मी केवढा तमाशा केला, तुम्ही पाहिलात. माझ्यात सोसायची ताकदच नाही. माझी जाऊ याच ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी जिना चढली आणि मी पाय हलवला की रडायचे. पुन्हा तुम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर नको. बसून राहीन खुर्चीत."

किल्लीवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून तीन मिनिटं झाली होती.

दोन वर्षांपूर्वीचं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दुकानाचं शटर खांद्यावर पडलं, डॉक्टरांनी दुखण्यावर कडक गोळ्या दिल्या, खांदा बरा झाला आणि गोळ्या काही सुटल्या नाहीत. इथवरचं त्यानं केंद्रात सांगितलं होतं, बायकोला सांगितलं होतं. कुठल्या केमिस्टला थापा मारल्या, कुठली चिठ्ठी दोनदा वापरली, सगळं. एक तेवढं पोटात ठेवलं होतं. सासूबाई ऑपरेशननंतर सहा आठवडे त्यांच्याकडेच होत्या, आणि त्यांच्या बाटलीत त्याला सवय लागलेल्या त्याच गोळ्या होत्या. पाचव्या दिवशी त्यानं बाटली रिकामी केली आणि कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या. आकार तोच, रंग तोच. फक्त कॅल्शियमच्या गोळीवर दोन अक्षरं होती. दुकानात बसून त्यानं बारीक कानस घेतली आणि एकेका गोळीवरची अक्षरं घासून काढली. काम इतकं सफाईदार झालं होतं की त्याही अवस्थेत त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. त्या कौतुकाची त्याला अजून शिसारी यायची.

मग जे व्हायचं ते झालं. व्यायामाची बाई यायची, सासूबाई कळवळायच्या, पाय वाकायचा नाही. गुडघा तसाच आखडून बसला. एकदा बायको वैतागून म्हणाली, पुरे झाली नाटकं, आई. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा यानंच मान हलवून सांगितलं होतं, त्यांना जरा कमीच सोसतं.

केंद्रातल्या समुपदेशक बाई म्हणायच्या की माफी मागायची ती समोरच्याच्या उपयोगाची असावी, नुसतं स्वतःचं ओझं उतरवायला नको. हे वाक्य त्यानं फार सोयीनं लक्षात ठेवलं होतं. सांगून म्हातारीला उगाच दुःख कशाला, असं म्हणत आठ महिने त्याच्याआड लपला होता. आज ती आडोशाची जागाही गेली. न बोलला तर ही बाई उरलेलं आयुष्य खुर्चीत काढणार होती. बोलला तर घर राहील की नाही, बायको राहील की नाही, काही भरवसा नव्हता.

सात वाजून आठ मिनिटं. तोंडात कडवट पाणी जमलं होतं. गोळी संपली की उठावं, चप्पल घालावी आणि दुकान गाठावं, हेही मनात येऊन गेलं. खोटं कशाला, चांगलं दोनदा येऊन गेलं.

"झाली दहा," सासूबाई म्हणाल्या आणि टेबलाला रेटा देऊन उठू लागल्या.

"आई, बसा. तुम्हाला सोसत नाही हे खरं नाही."

"समजूत नका काढू."

"तुमच्या बाटलीत दुखण्याच्या गोळ्या नव्हत्याच. पाचव्या दिवसापासून कॅल्शियमच्या होत्या. खऱ्या मी खाल्ल्या."

सासूबाई बसल्या. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. गोळीवर अक्षरं असतात ना, त्यांनी विचारलं. ती कानशीनं काढली, असं त्यानं सांगितलं.

"म्हणजे सहा आठवडे मी नुसती कॅल्शियमवर होते?"

"हो."

त्यांची पाठ ताठ झाली. चेहऱ्यावर असं काही आलं की त्याला ते बघवेना, कारण तो राग नव्हता. "जाऊबाईंना जमलं असतं का हो हे?" त्या हळूच म्हणाल्या.

शिव्यांची त्यानं तयारी ठेवली होती, या प्रश्नाची नव्हती. त्याला रडू कोसळलं. सासूबाईंनी ते थांबवलं नाही आणि पाणीही दिलं नाही. राग आला तो त्यानंतर.

"माझी पोरगी मला नाटकी म्हणाली तेव्हा तुम्ही तिथेच उभे होता. हातात माझ्यासाठी पाण्याचा पेला होता."

"हो."

"तेव्हा तर तोंडात गोळी नव्हती तुमच्या."



डॉक्टरांकडे ते दोघंच गेले. डॉक्टरांनी जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर लिहिलं होतं, सहनशक्ती कमी. ते कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं आणि खरं काय होतं, ते किल्लीवाल्यानं सांगितलं. काही गाळलं नाही. 

"ते खोडा," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर खोडा. आणि ऑपरेशनची तारीख द्या."

बायकोला त्यानं दुपारी ती कामावरून आल्या आल्या सांगितलं. ती आईच्या खोलीत गेली आणि आतून दार लावून घेतलं. ते दार काही त्याला उघडता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो टेबलाशी एकटाच बसला होता. आज कुणी येणार नाही, असंच तो धरून चालला होता. पाय ओढल्याचा आवाज आला. सासूबाईंनी डबा उघडला, गोळी दिली, समोर घड्याळ ठेवलं आणि दहा मिनिटं चकार शब्द न काढता बसून राहिल्या. आठ महिन्यांत ती दहा मिनिटं कधी इतकी लांब नव्हती.

"माझ्या ऑपरेशननंतरच्या गोळ्यांना कुलूप लागेल," वेळ झाल्यावर त्या म्हणाल्या. "तुम्हाला उघडता येणार नाही असं आहे का दुकानात?"

गिऱ्हाइकाला तो अशी तीन कुलपं छातीठोकपणे दाखवायचा.

"नाही, आई."

त्यांनी मान हलवली, डब्याला ते पितळी कुलूप लावलं आणि किल्ली घेतली.

"मग माझ्या गोळ्या शेजारच्या मास्तरीणबाईंकडे राहतील. कशासाठी, ते तुम्हीच जाऊन सांगा त्यांना. आणि उद्या सातला इथे बसलेले असा."