एका चर्चचे दोन वाटे

“अरे तिरकी धर खुर्ची, तिरकी! काकू आहेत त्या, बटाट्याचं पोतं नाही!” वेंडेलिन जिन्यावर ओरडला.

“पोतं गप्प तरी बसतं,” खुर्चीत बसलेल्या फ्रीडाकाकू म्हणाल्या. “माथेस, मला पाडलंस तर कांद्याचा केक विसर.”

माथेस गावचा खाटीक, आणि तो केकसाठीच आला होता. उचलणारे दोघेही कट्टर कॅथलिक, आणि खुर्चीत बसलेली, पाय मोडलेली, गावातली शेवटची प्रोटेस्टंट!

आमच्या ऱ्हाईन नदीकाठच्या या गावात चर्च एक आणि पंथ दोन. भांडणाला कंटाळून कुण्या राजाने एकाच छपराखाली दोघांनाही हक्क देऊन टाकला. राजे गेले, सरकारं आली नि गेली, पण कायद्याने तो हक्क आजवर सांभाळला. अट एवढीच, की वर्षातून एकदा तरी आपली प्रार्थना व्हायला हवी आणि तिला गावातलं त्या पंथाचं निदान एक माणूस हजर हवं. नाहीतर वाटा दुसऱ्याचा. प्रोटेस्टंटांची प्रार्थना ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे आजच होती.

वेंडेलिन या चर्चचा राखणदार, दोघांचाही. काकूंच्या पंथाला मूर्ती नि धूप चालत नाहीत, म्हणून त्यांची प्रार्थना असली की मेरीमातेच्या मूर्तीपुढे पडदा ओढायचा, धुपाचा वास जावा म्हणून खिडक्या उघडायच्या आणि आपण दाराबाहेर उभं राहायचं. तरी काकू दरवर्षी खोकून दाखवायच्याच.

चौकात कॅथलिकांचे नवे फादर भेटले. तरुण, हुशार माणूस.

“वेंडेलिन, हे काय चालवलंयस? आज त्या घरी राहिल्या असत्या तर चर्च आपलं होतं. अगदी कायद्यानं!”

“चर्च मिळालं असतं, फादर,” वेंडेलिन धापा टाकत म्हणाला, “पण काकूंनी मला जन्मभर ऐकवलं असतं. त्यावर कायदा आहे का काही?”

फादरांना हसू आवरेना. त्यांनीही खुर्चीला हात लावला.

शहरातून आलेल्या पाद्रीबाईंनी प्रार्थना सुरू केली. गाण्याच्या दुसऱ्याच कडव्याला काकूंचा आवाज बसला. रिकाम्या बाकांकडे बघून बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. तेवढ्यात दाराबाहेरून वेंडेलिनने पुढचं कडवं उचललं. सूर भयंकर, पण इतकी वर्षं दाराआडून ऐकलेले शब्द बिनचूक.

“बाहेर काय रेकतोयस?” काकू म्हणाल्या. “आत ये!”

तो आत येऊन त्यांच्या शेजारी बसला. मग दोघांनी मिळून शेवटपर्यंत म्हटलं.

बाहेर पायरीवर काकू म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मी काही असत नाही. मग सगळं चर्च तुमचं. झालास ना खूष?”



“काकू, मला अर्ध्याचीच सवय आहे हो,” वेंडेलिन म्हणाला.

माथेसने खुर्चीला हात घातला.

“थांब रे जरा,” वेंडेलिन म्हणाला आणि पाठ फिरवून नाक शिंकरू लागला.