क्लेमच्या नावाचं बाक

आमच्या तळ्याकाठी आता इतकी बाकं झालीत की तळं बघायचं तर उभंच राहावं लागतं.

बसायला मनाई आहे असं नाही. तसा फलक कुठेही लावलेला नाही. पण प्रत्येक बाकावर एक पितळी पट्टी आहे आणि प्रत्येक पट्टीवर कुणीतरी वारलेलं आहे. पहिलं बाक न्यायाधीशसाहेबांचं, शेजारचं त्यांच्या बहिणीचं, मग एका कर्नलचं. तीन तर कुत्र्यांची आहेत, आणि त्यातल्या एका लॅब्रडॉरला सगळ्यांत चांगली जागा मिळालीय. आता न्यायाधीशांच्या मांडीवर कोण बसणार? आमच्या गावचा माणूस बुडायला लागला तरी आधी दिलगिरी व्यक्त करेल, मग मदतीला हाक मारेल. त्यामुळे लोक बाकापाशी येतात, मान तिरकी करून पट्टी वाचतात, ‘किती छान’ म्हणतात आणि उभे राहतात.

पूर्वी इथे एक फळी होती. कुठल्याशा कोठाराचं मोडकं दार, दोन ओंडक्यांवर आडवं टाकलेलं. शरदातला पाऊस आमच्या पांढऱ्या चुनखडीच्या टेकड्यांच्या पोटात मुरतो आणि अगदी सरकारी चालीने, हिवाळा सरता सरता, तळ्याच्या वरच्या टोकाला बाहेर येतो. तिथल्या खळग्यातली पांढरी वाळू आधी ओली होते, मग थरथरते, मग उतू जाणाऱ्या दुधासारखी वर येते. आम्ही त्याला ‘झरे फुटले’ म्हणतो. ते नक्की कधी फुटतील हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून अख्खं गाव त्या फळीवर मांडीला मांडी लावून वाट बघत बसायचं. माझ्या पबमधून सफरचंदाची गरम सायडर जायची. जुनी भांडणं तिथे मिटायची, नवी तिथेच लागायची. क्लेम पोकॉकचं एनिडशी लग्न जमलं तेही फळीवर तिच्या शेजारी सोडून दुसरीकडे कुठे जागा उरली नव्हती म्हणून.

मग लंडनहून फिलिपाबाई राहायला आल्या. त्यांनी तळे सुशोभन समिती काढली, फळीकडे बघून नाक मुरडलं, आणि ती गेली.

गेल्या वर्षी एनिडही गेली. यंदा जानेवारीत क्लेम पबमध्ये आला, ऐंशी ओलांडलेला, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. 

“बेरिल, झरे फुटायला आले गं. मला उभं राहवत नाही.”

“मग बसा की कुठल्याही बाकावर.”

“कुणाच्या? त्या लॅब्रडॉरच्या? जिवंत असताना चावलाय तो मला.” मग ग्लासात बघत म्हणाला, “फळी परत टाका म्हणावं त्या समितीला. मला चार माणसांत बसायचंय. एकटा काय, घरी बसतोच आहे.”

समितीची बैठक माझ्याच मागच्या खोलीत भरते. म्हातारा काठी टेकत आत गेला. मीही ग्लास गोळा करायच्या निमित्ताने घुसले.

“बाक? अवश्य!” फिलिपा खूश झाल्या. “कुणाच्या स्मरणार्थ?”

“कुणाच्या नाही. बसायला.”

“बसायला,” पाद्रीबुवा हळूच म्हणाले, जणू म्हाताऱ्याच्या तोंडून शिवीच गेली होती.

“त्याचं काय आहे, क्लेम,” फिलिपा गोड आवाजात म्हणाल्या, “आमची सगळी बाकं स्मृतीची आहेत.”

“म्हणजे मेल्याशिवाय बसायचं नाही?”

“अहो, असं काय बोलता! तुमची वेळ आली की सगळ्यांत आधी तुमचाच विचार करू.”

“आणि तोवर काय त्यांनी बगळ्यासारखं एका पायावर उभं राहायचं?” मी ग्लास आपटत विचारलं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ही मनाने चांगली. आठवडाभर कुजबुज झाली आणि फिलिपा लिंबाचा केक घेऊन क्लेमच्या दारात हजर. समितीने नियमाला मुरड घातली होती. क्लेमच्या नावाचं बाक, जिवंतपणीच!

“मला फळी हवी होती,” क्लेम म्हणाला.

“हे ओकचं आहे! आणि पाठ टेकता येईल!”

म्हाताऱ्याने केकचा तुकडा उचलला आणि ‘फार आभारी आहे’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आमच्यात केक खाल्ल्यावर नाही म्हणता येत नाही.

बाकाचं अनावरण झालं. पाद्रीबुवा बोलायला उठले, “क्लेम हे या तळ्याचे जिवलग मित्र होते,” म्हणाले, चपापले, ‘आहेत’ म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘होते’. शेवटी त्यांनी नाद सोडला. मागे कुणीतरी डोळे टिपले. एका बाईने तर सांत्वनाला माझा हात दाबला. पट्टीवर क्लेमचं नाव होतं, जन्माचं साल होतं, पुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे लखलखीत कोरी जागा.

“नंतर कोरायला सोपं,” फिलिपा कुजबुजल्या.

“घाई नाही ना?” क्लेमने विचारलं.

त्या दिवसापासून तो रोज तिथे बसू लागला. लोक यायचे, थांबायचे, पट्टी वाचायचे, क्लेमकडे बघायचे, मान तिरकी करून ‘किती छान’ म्हणायचे आणि पुढे जायचे. मला दिवसभर पब सोडता येत नाही. संध्याकाळी तो यायचा तेव्हा चेहरा उतरलेला असायचा. 

“लोक माझ्यासमोर उभे राहून माझ्यासाठी हळहळतात गं. शेजारी कुणी टेकत नाही. ते म्हणे क्लेमचं बाक आहे.” मग स्वतःचीच समजूत घालायचा, “झरे फुटायच्या दिवशी बसतील. त्या दिवशी सगळे बसतात.”

तो दिवस उजाडला. वाळू हलतेय अशी हाक आली आणि मी पबला कुलूप ठोकून सायडरचं भांडं घेऊन धावले. गाव लोटलं होतं. क्लेम बाकाच्या एका टोकाला सरकून अंग चोरून बसला होता आणि उरलेल्या लाकडावर हाताने थोपटत होता.

“या की! फ्रँक, ये ना. अहो फिलिपा, बसा.”

“नको नको, आम्ही अगदी ठीक आहोत.”

“अरे, चार जणांची जागा आहे!”

“तुमचं बाक आहे, क्लेम.”

सगळे हसतमुखाने, आदराने, चिखलात उभे. म्हातारा थोपटतच राहिला. माझा जीव तुटला. मी गर्दीतून वाट काढत फ्रँकपर्यंत पोचले तर फिलिपांनी माझं कोपर धरलं. 

“बेरिल, त्यांना त्यांचा क्षण एकट्याने अनुभवू दे.”

“अहो बाई, एकटेच तर आहेत ते!” मी ओरडले. लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी भांडं फिलिपांच्या हातात कोंबलं आणि वळले, तोवर क्लेमने दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले होते. तो उठला. काठी बाकालाच टेकलेली राहिली. तो चिखल तुडवत आला आणि फ्रँक आणि मी, आमच्या दोघांच्या मध्ये, जिथे जागाच नव्हती तिथे घुसला.

त्याचे पाय लटपटले. फ्रँकने दंड धरला, मी कमरेला हात घातला, मागून पाद्रीबुवांनी पाठीला टेका दिला. धरावंच लागलं, नाहीतर पडला असता. तेवढ्यात खळग्यात पाणी उसळलं आणि सगळं गाव एका आवाजात ‘आलं!’ म्हणून ओरडलं. त्यात क्लेमचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पाणी पसरत गेलं तरी कुणी हललं नाही. कसं हलणार? प्रत्येकाने म्हाताऱ्याचं काही ना काही धरलेलं होतं. थोड्या वेळाने फिलिपा सायडरचं भांडं सांभाळत पुढे आल्या.

“क्लेम, दमलात. बसता का आता तुमच्या बाकावर?”

“नको,” म्हातारा म्हणाला, “इथे शेजार आहे.” आणि त्याने अंगाचा सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला.