मातीत न गेलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी शवपेटी आहे. दचकू नका. माझ्यासारख्या पेट्या एकदाच वापरतात आणि पुरून टाकतात, त्यामुळे त्यांना जुनं व्हायला वेळच मिळत नाही. मी मात्र भाड्याची. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका छोट्या गावात, ऑरिन त्वेट यांच्या अंत्यविधीगृहात मी एकोणीस वर्षं राहते आहे.

ओकच्या लाकडातून सुतारानं मला घडवलं आणि पायाकडच्या बाजूला एक दार ठेवलं. माणसाला साध्या लाकडी खोक्यात निजवतात आणि ते खोकं त्या दारातून माझ्यात सरकवतात. सगळ्यांनी निरोप घेतला की खोकं काढून दहनाला नेतात. मी मागे राहते.

सुरुवातीला लोक माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "काय सुरेख लाकूड आहे!" पुढे पुष्कळ जण थेट दहनच करू लागले. मग मी मागच्या खोलीत चादरीखाली पडून राहिले.

गेल्या ऑक्टोबरात व्हर्लिन लुंडीन वारला. त्यानं चौतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. त्याची बायको आर्डिस आणि मुलगा डॅरेल शेजारच्या खोलीत ऑरिनसमोर बसले होते. दार उघडं होतं, म्हणून मला सारं ऐकू येत होतं. डॅरेलनं बापाची चिठ्ठी वाचली : 'मला जाळा. उगाच थाट नको.'

"झालं तर मग," तो म्हणाला. "सरळ दहन."

"आणि मी?" आर्डिस म्हणाली. "मी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं रे. एकावन्न वर्षांचा संसार, आणि त्याला धड न बघता पाठवू?"

"आई, बाबांनीच लिहिलंय ना!"

"त्यानं थंडीत कानटोपी घालायची नाही असंही ठरवलं होतं. ऐकलं का मी त्याचं?"

आणि तिला रडू फुटलं. डॅरेलची पावलं खिडकीकडे गेली.

ऑरिननं दोघांना शांत होऊ दिलं. मग तो म्हणाला, "दहन करायचं म्हणून चेहरा बघायचा नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? आधी दर्शन घ्या, मग दहन करू. नाहीतर आधी दहन आणि मग राख ठेवून चर्चमध्ये प्रार्थना. भट्टीपर्यंत सोबत जायचं असेल तर तेही जमतं. चिठ्ठीतलं दहन होईलच. थाट किती, ते तुम्ही ठरवा."

त्यानं त्यांना माझ्याकडे आणलं आणि चादर काढली. आर्डिसनं माझं दार उघडून पाहिलं.

"म्हणजे मागच्या दारानं उतरणार? बसच्या मागच्या दारानं पोरांना तर हा कधी उतरू द्यायचा नाही!"

डॅरेल डोळे पुसता पुसता हसला.

तिसऱ्या दिवशी व्हर्लिन चौकटीचा शर्ट घालून माझ्यात निजला होता. त्याच्या बसमधली पोरं आली. आता त्यांचेच केस पांढरे झाले होते. एक बाई म्हणाली, "आमच्या घरात दिवा दिसला नाही, तर हा मला दारापर्यंत सोडायला यायचा." आर्डिस त्याच्या हातावर हात ठेवून बसली होती. डॅरेल बराच वेळ लांब उभा होता. शेवटी तो जवळ आला, बापाची कॉलर सारखी केली आणि तिथेच आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"बरं झालं आई, तू ऐकलं नाहीस."

आर्डिस भट्टीपर्यंत सोबत गेली. परत येऊन तिनं हॅमचं सँडविच खाल्लं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

राखेवरून पुन्हा वाद निघाला. डॅरेलला ती तळ्यात सोडायची होती, आर्डिसला जाऊन बसायला दफनभूमीत एक जागा हवी होती.

"राख वाटून घेता येते," ऑरिन म्हणाला.

"घ्या! घरी जेवायला कधी वेळेवर आला नाही, आता दोन्हीकडे एकदम हजर," आर्डिस म्हणाली.

निघताना ती पुन्हा खुर्चीत बसली. "ऑरिन, माझंही लिहून घे. पण डॅरेल, आधी तू सांग. मी गेल्यावर तुला काय लागेल?"

डॅरेल तिच्या शेजारी बसला. "तुझा हात धरून थोडं बसायला मिळावं."

"मग हीच पेटी लिही, ऑरिन. घाई नाही हं!"

मित्रांनो, आपल्या माणसांना हे असं विचारा. दिवसाढवळ्या, चहा-कॉफी पिताना, सगळे धडधाकट असताना. जाणाऱ्याची इच्छा विचाराच, पण मागे राहणाऱ्यालाही विचारा. आर्डिस हल्ली कधी कधी ऑरिनकडे कॉफीला येते आणि जाताना माझ्यावर टिचकी मारते. खरं सांगते, मलाही मुळीच घाई नाही.