साहेबांच्या टाकीतले पाहुणे

"टाकीत आधी कोण आहे?" दुकानदारीणबाईनं विचारलं, आणि नवीचं टाळकंच सरकलं.

खरं तर मासे विकणाऱ्या बाईनं दुसरं काय विचारायचं? कुणाचं कुणाशी पटतं हे बघितल्याशिवाय ती मासा पिशवीत घालत नसे. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून नवीला जो तो आडून आडून हेच विचारत होता. आधीची कशी होती, आधीचीनं हे कपाट इथं का ठेवलं होतं, आधीची किती हसायची! शेजारीण असो की नवऱ्याची मावशी, माघारी सगळ्यांच्या तोंडी हिचं नाव एकच, 'नवी'. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

"कोणी नाही," ती ताडकन म्हणाली. "रिकामी आहे."

"फायटर, गप्पी, लांब शेपटीचं काहीच नाही?"

"एकदा सांगितलं ना!"

दुकानदारीणबाईनं जाळी बुडवली आणि काळ्या पट्ट्यांचे पिवळेधमक टायगर बार्ब पिशवीत सोडले. "लहान टाकीला हे जरा दांडगेच. पण यांचं यांनाच राहायचं असेल तर राहतील," असं म्हणून तिनं पिशवीला गाठ मारली.

आता, टाकीत कोणी नव्हतं हे धडधडीत खोटं होतं. टाकीत साहेब होते. साहेब म्हणजे निळा फायटर, झुबकेदार शेपटीचा, चालही अशी की साक्षात कचेरीतून निघालेत. नवऱ्याच्या मुलीच्या आईनं, म्हणजे आधीचीनं, तो आजारपणाच्या आधी आणला होता, साहेब हे नावही तिचंच. आई गेली, साहेब राहिले. शाळेतून आल्यावर पोर दप्तरसुद्धा न काढता आधी टाकीपाशी जायची. नवीशी मात्र ती विचारल्यापुरतं बोलायची. हो, नाही, भूक नाही. मग परवा आपणहून म्हणाली, "साहेबांना एकटं वाटत असेल का हो?" एवढ्या एका वाक्यावर नवी दोन दिवस हवेत होती. म्हणूनच हा दुकानाचा खटाटोप.

घरी येऊन तिनं पाहुणे टाकीत सोडले आणि कौतुकानं स्टूल ओढून बसली. आधी सगळे कोपऱ्यात गोळा झाले. मग त्यातला एक साहेबांच्या मागं गेला आणि त्यानं शेपटीला तोंड घातलं. नवीला वाटलं, ओळख करून घेतोय. कसली ओळख! दुसरा आला, तिसरा आला. साहेब वळेपर्यंत हे पसार, साहेब पुढं झाले की हे मागं. बघता बघता त्या झुबक्याच्या चिंध्या व्हायला लागल्या.

"अरे मेल्यांनो!" नवी किंचाळली. जाळी घरात नव्हती. तिनं चहाची गाळणी आणली, पण ते चपळ पट्टेवाले गाळणीला कसले सापडतात! पाणी ढवळलं, रोप उपटलं गेलं, फरशीवर तळं झालं आणि साहेब दगडाआड कुशीवर कलले. तेव्हा कुठं तिला सुचलं, की गुंडांना पकडण्यापेक्षा साहेबांनाच बाहेर काढावं. काचेचं भांडं घेऊन ती नळाकडे धावली आणि थबकली. नळाचं ताजं पाणी चालत नाही, यावरून पोर एकदा बापावर कडाडली होती. तिनं टाकीतलंच पाणी भांड्यात घेतलं आणि हळूच साहेबांना त्यात ओढलं. कल्ले हलत होते, पण अगदी सावकाश.

नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "एवढं काय! दुकानातून तसाच दुसरा निळा आण आणि याला टाक कुठंतरी. तिला काय कळणार आहे?"

नवीनं खरंच चपला पायात सरकवल्या. शाळा सुटायला अजून वेळ होता, दुकान कोपऱ्यावर होतं. काय हरकत आहे? पण याला टाकायचं म्हणजे कुठं टाकायचं? तो तर जिवंत होता. भांडं हातात धरून ती दारातच उभी राहिली, आत ना बाहेर. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आज शाळा लवकर सुटली होती.

पोरीनं नवीकडे पाहिलं, भांड्यात पाहिलं, मग टाकीत. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कोणी आणले?"

"मी. साहेबांना सोबत म्हणून."

"दुकानात विचारत नाहीत का, टाकीत आधी कोण आहे ते?"

"विचारलं." दुकानदारीणबाईवर ढकलून मोकळं होता आलं असतं. "विचारलं होतं. मीच म्हणाले, कोणी नाही."

"का?"

"राग आला होता. तुझ्या आईचा. सगळे सारखं तिचंच काढतात ना, म्हणून. तिचा काही दोष नाही, कळतं मला. तरी आला."

बोलून गेली आणि तिला वाटलं, संपलं, आता ही पोर जन्मात माझं तोंड बघायची नाही. पोरीनं तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं, जपून खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ उकिडवी बसली. साहेबांचे कल्ले हलताहेत का, ते तिनं वाकून पाहिलं.

"मला पण येतो," ती पुटपुटली.

"काय?"

"आईचा राग. संध्याकाळी येते म्हणाली होती दवाखान्यातून. आलीच नाही." तिनं दप्तराचा पट्टा मुठीत धरला. "बाबांना सांगू नका. कुणालाच सांगू नका."

"नाही सांगणार," नवी म्हणाली. ती तिथंच, सांडलेल्या पाण्यात, फरशीवर बसली आणि तिनं हात पुढं केला.

"ये," ती म्हणाली.

पोर आली.